आधी शेजारचे रडणे ऐका



सभेच्या अध्यक्षाने आभार मानावेत आणि गोड बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. आभार मी मनापासून मानतो. गोड बोलायला मात्र आलेलो नाही. आपल्या पोरांना यशाची एक खोटी व्याख्या शिकवली जात आहे आणि आपण वडीलधारी माणसे तिला टाळ्या वाजवत आहोत. तिच्याविरुद्ध बोलायला मी उभा आहे.

व्याख्या अशी : आधी स्वतः मोठे व्हा, मग जमले तर समाजाचे बघा. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हेच, करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांत हेच आणि घरी जेवताना ताटावरही हेच. मुलगा पुण्याला पॅकेजवर लागला की त्याने घराण्याचे नाव काढले. गावात राहून चार म्हाताऱ्यांची कामे करणारा मात्र वाया गेला!

निदान आपल्या केळझर गावाला तरी हे शोभत नाही. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, ही परंपरा आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. इथल्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांनाही ती अभिमानाने ऐकवतो. पण ऐकवतो काय? भीमाने बकासुर मारला, एवढेच. त्याआधीचा प्रसंग आपण गाळतो. पांडव ज्या घरी उतरले होते, त्या घरातून रडण्याचा आवाज आला. राक्षसाकडे माणूस पाठवण्याची पाळी त्या घरावर आली होती. बाप म्हणे मी जातो, आई म्हणे मी जाते, मुलगीही मागे हटेना. पांडव तेव्हा लाक्षागृहातून वाचलेले, वेश पालटून राहणारे, भिक्षेवर जगणारे. गप्प बसायला त्यांच्याजवळ हवी तेवढी कारणे होती. कुंती मात्र उठली, आत गेली, काय झाले ते विचारले आणि माझा मुलगा जाईल म्हणाली. तिने विचारले नसते, तर भीमाचे बळ भिक्षेचे अन्न पचवण्यातच संपले असते.

जीवनाचे ध्येय कसे शोधायचे, असे मुले मला विचारतात. माझे उत्तर कुंतीचे आहे : शेजारचे रडणे ऐका, उठा आणि जाऊन विचारा.

पुराण नको असेल, तर आपल्याच वर्धा जिल्ह्याचा इतिहास घ्या. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभे केले. तेव्हा या रोगावर आजच्यासारखे हमखास औषध नव्हते. कुष्ठरोग नसा मारतो. तापलेले भांडे हाताला लागले तरी कळत नाही, पायात काटा मोडला तरी कळत नाही. जखम चिघळत जाते. ती धुवायची, स्वच्छ करायची, पट्टी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोक सावलीला उभे राहत नसत, तिथे हे काम चालले. पुढे गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमावरील पुस्तिकेत कुष्ठसेवेबद्दल लिहिले, तेव्हा एका भारतीयाने निखळ सेवाभावाने चालवलेली एकमेव संस्था म्हणून त्यांनी याच कामाची नोंद केली. आज आपल्या किती मुलांना मनोहर दिवाण हे नाव ठाऊक आहे? नसेल, तर दोष मुलांचा नाही, आपला आहे.

दुसरे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा आमटे १९१४ मध्ये हिंगणघाटला जन्मले, वकील झाले. वरोऱ्यात तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण अखेरच्या अवस्थेत पडलेला पाहून ते घाबरून पळाले. हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितले. ती भीती त्यांना पचेना, म्हणून ते परत फिरले, त्याची शुश्रूषा केली, कोलकात्याला जाऊन या रोगाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले आणि पुढे आनंदवन सुरू केले. मी व्यक्तिमत्त्व विकास म्हणतो तो हा. समोरच्या माणसाची गरज मोठी होती, म्हणून वकिलाला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. शिबिराची फी भरून ही वाढ होत नाही.

आता सेवेच्या नावाने मिरवणाऱ्यांनाही सांगतो. एका केळ्याला पाच हात लावून फोटो काढणे ही सेवा नव्हे. आनंदवनात रुग्णांनीच विहीर खोदली, शेती पिकवली. समोरचा स्वतःच्या पायावर उभा राहिला का, हीच सेवेची परीक्षा. त्याचा हात कायम पसरलेला राहावा, अशी सोय करणारा सेवक नव्हे, मालक असतो.

कोणी म्हणेल, कापसाला भाव नाही, शेतकऱ्याच्या पोराने नोकरी बघू नये काय? जरूर बघावी. गरिबीची आरती मी ओवाळणार नाही. शिका, कमवा, घर सावरा. पण ‘मोठा झाल्यावर बघू’ हे वाक्य तोंडातून काढून टाका. तो दिवस कधी येत नाही.

रडणे आजही ऐकू येते. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे होते, त्यांत गांधी-विनोबांचा वर्धा होता. आणि रोजचे दुःख तर रेशनच्या दुकानात उभे आहे. जन्मभर कापूस वेचलेल्या आजीच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या. मशीन अंगठा घेत नाही. ती पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा नकार. मागची रांग कुरकुरते. तिच्यासोबत जाऊन आधार अद्ययावत करून आणायला पदवी लागत नाही, अर्धा दिवस लागतो. रांगेत स्मार्टफोन हातात असलेली चार पोरे असतात. त्यांतला एकही पुढे होत नसेल, तर आपल्या शाळा-महाविद्यालयांनी त्यांना काय शिकवले?

साहित्यिक मित्रांनो, तुम्हालाही सूट नाही. शेतकऱ्याच्या विधवेवर कविता लिहिणाऱ्याने तिच्या सातबाऱ्यावर वारसनोंद झाली का, हेही एकदा विचारावे.

माझी मागणी साधी आहे. या मंडपात बसलेल्या प्रत्येक तरुणाने आपल्या वस्तीतले एक घर आजच ठरवावे आणि त्या घराचे अडलेले एक काम पुढल्या महिन्याभरात तडीस न्यावे. काम येत नसेल तर शिकून घ्यावे. आणि गावाने पुढच्या वर्षी सत्कार करताना पगार विचारू नये. कोणाचे काय काम केले, ते विचारावे.