हसू थांबवायचं कुणी?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण)



काल रात्री जेवणं उरकल्यावर आपण टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाचा छोटा तुकडा पाहिला. पाहणं दोन मिनिटांत झालं, पण वाद रात्री उशिरापर्यंत चालला. त्याबद्दलच बोलते.

ज्या आज सकाळी आल्या, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये बीबीसीवर 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' हा कार्यक्रम १९९० साली सुरू झाला. आठवड्याच्या बातम्यांवर प्रश्न विचारायचे आणि उत्तरांच्या निमित्तानं पुढाऱ्यांची टर उडवायची, असं त्याचं स्वरूप. नोव्हेंबर २०१७ मधल्या एका भागाची सूत्रं जो ब्रँड या विनोदी कलावतीकडे होती. बाकीचे चौघे पुरुष. विषय होता ब्रिटिश संसदेतल्या लैंगिक छळाच्या तक्रारींचा. त्याच आठवड्यात संरक्षणमंत्री मायकल फॅलन यांनी राजीनामा दिला होता. थट्टा रंगात आली होती. यातल्या काही गोष्टी म्हणजे काही फार मोठे गुन्हे नव्हेत, अशा अर्थाचं इयन हिस्लॉप बोलून गेले. तेव्हा ब्रँड शांतपणे म्हणाली, की इथली एकटी बाई म्हणून सांगते, गोष्ट मोठी नसली तरी बाईला चहूबाजूंनी घेरल्यासारखं वाटायला ती पुरते. लहानसहान त्रास रोज होत राहिला की तो साचत जातो, बाई झिजत जाते. पुरुषांचं हसू मावळलं. प्रेक्षकांनी मात्र टाळ्या वाजवल्या.

आता तुमची मतं. एक मैत्रीण म्हणाली, "विनोदी कार्यक्रमात भाषण कशाला?" दुसरी म्हणाली, "तिनंही टोमणाच मारायला हवा होता, विनोदाला विनोदानं उत्तर." धुणीभांडी करणाऱ्या आपल्या मावशी म्हणाल्या, "मला इंग्रजी कळत नाही. पण त्या बाप्यांची तोंडं कशी उतरली, ते कळलं." मला मावशींचं निरीक्षण सगळ्यात नेमकं वाटलं.

हिस्लॉप काही प्रतिगामी गृहस्थ नव्हेत. 'प्रायव्हेट आय' या सत्ताधाऱ्यांची लक्तरं वेशीवर टांगणाऱ्या पाक्षिकाचे ते संपादक. म्हणजे सत्तेची खिल्ली उडवणाऱ्यालाही बाईवर चालणारी सत्ता दिसतेच असं नाही. आपल्या चळवळींतल्या बैठका आठवा. तिथे हे आपण पाहिलेलं नाही का?

पुरुषांचं सोडा, मी माझंच सांगते. एका कार्यालयात मी तक्रार समितीवर होते. एक तरुण मुलगी आली. साहेब रोज तिच्या कपड्यांवरून काहीतरी बोलतात आणि बाकीचे हसतात, अशी तिची तक्रार होती. मी तिला म्हटलं, "अगं, किरकोळ आहे, लक्ष देऊ नकोस." विशाखा निकालानं १९९७ मध्येच लैंगिक अर्थाचे शेरे छळात मोजले होते. मला ते पाठ होतं. तरीही तोंडून 'किरकोळ' हाच शब्द आला. ती पुन्हा समितीकडे आली नाही. काल ब्रँडचं बोलणं ऐकताना मला त्या मुलीचा चेहरा दिसत होता.

आणखी एक मुद्दा. विनोदी चर्चेच्या कार्यक्रमांत यापुढे सगळे पुरुषच असणार नाहीत, असं बीबीसीनं २०१४ मध्ये जाहीर केलं. तेव्हा डारा ओ ब्रिअन या सूत्रसंचालकानं आक्षेप घेतला होता, की अशानं येणारी बाई केवळ नियमापुरती आली असं लोकांना वाटेल. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण त्यावर उपाय बाईला बाहेर ठेवणं हा नव्हे. एकटी बाई बोलली की ती 'बायकांच्या वतीनं' बोलते, गप्प बसली की बायकांची संमती गृहीत धरली जाते. हसवायचंही तिनंच आणि हसू थांबवायचंही तिनंच. तिघी असत्या, तर एकीनं बोलावं, दुसरीनं टोमणा मारावा, तिसरीनं नुसतं रोखून पाहावं. म्हणजे काल भांडणाऱ्या दोघींचंही समाधान झालं असतं!

म्हणून दोन गोष्टी सुचवते. कुठल्याही समितीवर आपल्यापैकी एकटीनं जायचं नाही, दुसरीसाठी आग्रह धरायचा. आणि तक्रार ऐकताना 'किरकोळ' हा शब्द वापरायचा नाही. किती वेळा झालं, किती दिवस चाललंय, हे आधी विचारायचं.

हसणं आपल्याला सोडायचं नाही. पण आपण हसतो तेव्हा खोलीत कोण हसत नाहीये, तिकडे जरा बघू या.