शिवलेल्या वह्या आणि नऊ जणी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘माझा छंद’ हा विषय दिला आणि पंधरा मिनिटं दिली. माझ्याआधी बोलून गेलेल्यांनी प्रत्येकी पंचवीस घेतली आहेत, त्यामुळे मी वीस घेतली तर सरांनी घंटा वाजवू नये.

या टेबलावर माझ्या सात वह्या आहेत. बोलता बोलता त्या तुमच्याकडे पाठवते. खुशाल हाताळा, पानं मळतील म्हणून घाबरू नका, ती आधीच मळलेली आहेत. आत नक्षी आहे. ठिपक्यांची, जाळ्यांची, काठांची, चौकटींची. काही पानांवर कागद चिकटवले आहेत, कुठे कापड, कुठे सुतळीचा दोरा. हल्ली याला मिश्र माध्यम म्हणतात. माझी सून मोबाइलवर बघून म्हणाली, ‘आई, हे तर मंडला आर्ट.’ म्हटलं, असेल बाई. अमेरिकेतल्या एका जोडप्यानं अशाच नक्षीला झेंटँगल नाव देऊन वर्ग काढले आहेत. साडेतीन इंचांचा चौकोनी कागद घ्यायचा, पेनानं काढायचं, रबर वापरायचं नाही. ते वाचलं तेव्हा मला हसू आलं. ‘रबर खिशात ठेवा’ हे आपल्या सरांनी आठवीतच सांगितलं होतं, तेही फुकट.

आधी वहीबद्दल सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. आमच्या घरी कांद्याची आडत, हे कळवणात सगळ्यांना माहीत आहे. संगणक आला आणि लाल कापडाचे रोजमेळ, खतावण्या बंद झाल्या. माळ्यावर कोऱ्या कागदांचे गठ्ठे तसेच पडून राहिले. रद्दीवाला किलोवर मागत होता. मी एक पान काढून त्यावर शाईच्या पेनानं रेघ ओढली, तर शाई जराही फुटली नाही. हिशोबाचा कागद असाच लागतो, वर्षानुवर्षं टिकणारा. तो रद्दीत द्यायला माझा हात होईना.

आपल्याकडे हातकागदाची परंपरा मोठी आहे. जुन्नरचा कागद मराठेशाहीच्या दप्तरांत वापरला जाई. दौलताबादजवळ तर कागजीपुरा नावाचं गावच आहे. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथला कागद मी एकदा हौसेनं आणला. फार देखणा आहे. पण खरं सांगायचं तर त्यावर माझा हात चालत नाही. इतक्या चांगल्या कागदावर काही वाईट काढायची हिंमत होत नाही आणि सराव म्हणजे रोज थोडं वाईट काढणं. खतावणीच्या कागदावर ती भीती नसते.

वही शिवायची रीत सोपी आहे. चार कागद एकत्र मधोमध दुमडले की आठ पानांची, म्हणजे सोळा पृष्ठांची एक गड्डी होते. कागद एका बाजूनं सहज दुमडतो, दुसऱ्या बाजूनं कुरकुरतो. सहज दुमडेल ती बाजू शिलाईकडे घ्यायची, म्हणजे वही शहाण्यासारखी उघडते. अशा सहा गड्ड्या करायच्या. दाभणानं घडीवर पाच भोकं पाडायची. पोती शिवायचा सुती दोरा मेणबत्तीवर घासून घ्यायचा आणि एकेक गड्डी कापडाच्या दोन पट्ट्यांवर शिवत जायचं. मैद्याची खळ लावायची. तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं की कसर लागत नाही, पण ते विषारी असतं, तेव्हा भांडं वेगळं ठेवा आणि नातवंडांपासून लांब. पुठ्ठा साडीच्या खोक्याचा, वर जुन्या लुगड्याचं कापड. मग रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचं. नाही दाबलं तर पुठ्ठा पापडासारखा वळतो.

दुकानात पन्नास रुपयांना वही मिळते, मग एवढा खटाटोप कशाला, असं आमच्या घरातल्यांनीही विचारलं. उत्तर अगदी व्यवहाराचं आहे. विकतच्या वहीत चार ठिकाणी कागद-कापड चिकटवलं की ती मिटत नाही, गरोदर बाईसारखी दिसते. मी शिवतानाच मधे मधे अर्ध्या बोटाच्या कोऱ्या पट्ट्या घालते. त्यामुळे शिलाईपाशी जागा राहते आणि चिकटवलेला माल त्या जागेत सामावतो. शिवाय अशी वही सपाट उघडते, म्हणून काठ डाव्या पानावरून उजव्या पानावर सरळ नेता येतो.

आता नक्षी. एलिमेंटरीचा संकल्पचित्राचा पेपर आठवतो ना? चौकट आखायची, आत फुलं-पानं किंवा भौमितिक आकार बसवायचे, पोस्टर कलर सपाट भरायचा. सर सांगायचे, पुनरावृत्ती, तोल आणि लय. आपण ते तीन शब्द पाठ केले, आणि घरी आपल्या आया तेच रोज करत होत्या हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. सर, रागावू नका, तुम्हीही नाही सांगितलंत.

पंधरा ते आठ, मधले ठिपके. इथे बसलेल्या प्रत्येक बाईला हे पाच शब्द कळतात आणि बहुतेक पुरुषांना कळत नाहीत. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, मग वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत आठपर्यंत जायचं. प्रत्येक ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. होतो षट्कोन. एकूण ठिपके १६९. मी मोजले आणि मग आपल्या गणिताच्या बाईंनी शिकवलं होतं तसं मांडूनही पाहिलं. पाच ते तीन घेतले तर १९ येतात. सडा टाकलेल्या अंगणात, पहाटेच्या अंधारात, चिमटीतून रांगोळी सोडत हे १६९ ठिपके सरळ रेषेत पाडणारी बाई भूमितीत नापास कशी होईल? पण तिला तो पेपर द्यायला मिळाला तर ना.

रोजचा सराव मी असा करते. एक आकार ठरवायचा, तो किती अंतरानं यायचा ते ठरवायचं आणि कोपऱ्यात कसा वळायचा ते ठरवायचं. पहिल्या दोन गोष्टी कोणालाही जमतात. येवल्याच्या पैठणीचा नारळी काठ बघा, एकच टोकदार आकार गजन् गज चालतो. खरी परीक्षा कोपऱ्यावर असते. गोधडी शिवणारी बाई कडेपासून आत चौकोनात चौकोन शिवत येते आणि प्रत्येक कोपऱ्यावर टाका मोजून वळवते. माझ्या आईनं शिवलेली गोधडी मी समोर ठेवून पाच पानं नुसते कोपरे काढले. ते पान आत्ता कोणाकडे तरी आहे बघा, निळ्या वहीत.

रंग मात्र आडतीतलेच. कांद्याची वाळकी टरफलं पाण्यात उकळून थोडी तुरटी घातली की पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत रंग मिळतो. उन्हानं तो विटतो, पण वही बंद असते म्हणून टिकतो. गेरूत बाभळीचा डिंक घालायचा, नाहीतर बोटाला लागतो. चिकटवायला वजनकाट्याच्या पावत्या, लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू, गोणीचे दोरे. एका पानावर तुम्हाला जुन्या हिशोबपट्टीवर काढलेली जाळी दिसेल. त्या पट्टीत शेतकऱ्याच्या हातात हमाली-तोलाई वजा जाऊन काय पडलं ते लिहिलेलं आहे. ती रक्कम मी जाळीखाली झाकली नाही. मुद्दाम.

चित्रकार प्रभाकर बरवे यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक मराठीत आहे. ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, काही वर्षं बनारसलाही होते, म्हणजे कापडावरची नक्षी हा त्यांच्या पोटापाण्याचा भाग होता. आणि ते डायऱ्या ठेवत. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा चित्रांबरोबर त्या डायऱ्यांचीही चर्चा झाली. वारली चित्रांचं तर सगळ्यांना माहीत आहे. लग्नघरातला चौक सवाशिणी भिंतीवर काढायच्या आणि पुढच्या सारवणात तो जायचा. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा मशे यांची चित्रं कागदावर आली, जगभर गेली, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. मशे मोठे कलावंत, वादच नाही. पण त्यांच्याआधी भिंतीवर काढून गेलेल्या बायांपैकी एकीचंही नाव मला सांगता येणार नाही. कागदावर आलं ते राहिलं, एवढाच फरक.

आता ज्यासाठी मी उभी राहायला तयार झाले, ते सांगते.

आठवीत खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. नाव घेत नाही, तिला विचारलेलं नाही. एलिमेंटरीत तिला ‘अ’ श्रेणी होती. आपल्यातल्या अर्ध्या मुलींच्या वह्यांच्या पहिल्या पानावरची वेलबुट्टी तिच्या हातची असायची. नववीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. लग्न झालं. इंटरमिजिएट राहून गेली.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ कांद्याच्या हंगामात ती आमच्या आडतीवर आली, मुलाबरोबर, ट्रॅक्टर घेऊन. मी पट्टी लिहीत होते आणि शेजारी वही उघडी होती. तिनं मला ओळखलं नाही, मी तिला ओळखलं नाही. ती वहीकडे बघून म्हणाली, ‘हाई काय शे?’ मग माझ्याच हातातलं पेन घेऊन म्हणाली, इथं एक ठिपका वाढव, म्हणजे कोपरा वळेल. आणि वळवून दाखवला. रेघ बघितली आणि मी तिला हाक मारली.

तिची रांगोळीची एक वही होती. आपल्या सगळ्यांचीच असायची, आठवतंय? दोनशे पानी, आखीव, एकमेकींकडून उतरवलेल्या रांगोळ्यांची. तिची वही स्लॅबचं घर बांधताना रद्दीत गेली. कोणी मुद्दाम नाही टाकली, कोणाला ती वस्तू वाटली नाही इतकंच. पण तिच्या बोटांत सगळं शिल्लक आहे. तेव्हापासून ती बाजाराला आली की दहा मिनिटं बसते आणि एक नक्षी काढून जाते. आतापर्यंत ४३ झाल्या आहेत. लाल वही तिची आहे, ती जरा जपून हाताळा. नावंही तिनंच सांगितली आहेत. ‘पाटाचं पाणी’, ‘एसटीची जाळी’, ‘जावांचं भांडण’. हे शेवटचं पान बघाच, दोन वेली एकमेकींकडे पाठ करून चालतात आणि कोपऱ्यात नाइलाजानं भेटतात. मी सात वह्यांत जे केलं ते तिच्या चार पानांत आहे. हे मी नम्रपणानं म्हणत नाही, सरांनी बघून सांगावं.

मी तिला म्हटलं, मेळाव्याला ये. तर म्हणाली, ‘मला कुठं बोलावलंय?’ मला वाटलं पत्रिका चुकली असेल. म्हणून मी यादी मागवली. यादी दहावीच्या हजेरीपटावरून केलेली आहे. ती दहावीत नव्हती, म्हणून ती आपल्या बॅचची नाही. संयोजकांनी चार महिने खपून हे सगळं उभं केलं आहे, त्यांच्या कष्टांना मी नाव ठेवत नाही. रीत अशीच असते, कुठल्याही शाळेत यादी अशीच करतात. पण मग मी आठवीचा फोटो काढून बघितला. आपल्या तुकडीत मुली २२. दहावीच्या फोटोत १३. तो फोटो आज प्रवेशद्वारावर मोठा करून लावला आहे आणि आपण सगळे त्याच्यासमोर उभे राहून आलो आहोत. मीसुद्धा.

नऊ जणी. त्यातली एक ही. तिच्या आठवणीतून आणि माझ्या आठवणीतून आठही जणींची नावं जुळली. दोघींची गावं समजली आहेत, एक अभोण्याच्या बाजूला आहे, एक सटाण्याला दिली आहे. सहा जणींचा पत्ता नाही. त्यांना चित्र काढता येत होतं की नाही, मला माहीत नाही. एकीचं पाठांतर चांगलं होतं, एक खो-खोत पळायची. त्यांनी वहीत काय करायचं ते त्या ठरवतील. रांगोळी काढतील, हिशोब लिहितील, नाहीतर नातवाला देतील.

मी नऊ वह्या शिवल्या आहेत. प्रत्येकीत ९६ पृष्ठं, खतावणीचा कागद, वर माझ्या आईच्या लुगड्याचं कापड. लाल वहीवालीनं प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर ‘पाटाचं पाणी’ काढून दिलं आहे. ती आज आली नाही, तिच्याकडे कांद्याची लागण चालू आहे आणि मजूर मिळाले की सोडता येत नाहीत.

आठ वह्या त्या खोक्यात आहेत, आतल्या बाजूला पेन्सिलनं नाव लिहिलं आहे. ज्यांना यातल्या कोणाचं सासर माहीत असेल, भाऊ माहीत असेल, निदान गाव कुठल्या फाट्यावरून जातं हे माहीत असेल, त्यांनी जेवणाची पंगत बसायच्या आधी मला भेटा. मी दाराजवळच्या बाकावर आहे.