शोकाचा अनुभव आणि सांत्वनाचा बाजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘अंधश्रद्धा आणि अर्थकारण’ हा विषय दिला आहे. त्यातील एका लहानशा, परंतु आपण नेहमी टाळत आलेल्या भागाविषयीच मी आज बोलणार आहे. मेलेले माणूस भेटून गेले, त्याची चाहूल लागली, त्याने हाक मारली, असे सांगणारी शोकाकुल माणसे आपणा सर्वांना भेटतात. त्यांच्याशी आपण कसे वागावे, हा तो प्रश्न होय.

प्रारंभी एक कबुली देतो. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी निवर्तली. त्यानंतर दीडएक महिन्याने, पहाटे, स्वयंपाकघरातून गॅसच्या लायटरचा चटचट आवाज आला आणि पाठोपाठ तिचा खोकला. मी अंथरुणातूनच म्हणालो, “माझाही चहा टाक गं.” मग उठून पाहिले. ओटा कोरडा होता. आत्म्याचे अस्तित्व मी कधी मानले नाही आणि आजही मानीत नाही. तरीही त्या पहाटे मला भीती वाटली नाही. खरे सांगायचे तर बरे वाटले. मात्र पुढे कित्येक महिने ही गोष्ट मी कोणाला, अगदी मुलालाही, सांगितली नाही. का सांगितली नाही, याचा विचार करू लागलो तेव्हा मला चाळीस वर्षांपूर्वीची एक बाई आठवली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मी तेव्हा विद्यार्थी होतो आणि संपकऱ्यांच्या घरी धान्य पोहोचविण्याच्या कामासाठी गिरणगावातल्या चाळींतून हिंडत असे. एका खोलीत एक विधवा मावशी राहत होत्या. त्यांचा गिरणीत लागलेला एकुलता मुलगा त्या पावसाळ्यात काविळीने गेला. एके दिवशी त्या मला हळूच म्हणाल्या, “बाबा रे, दुसरी पाळी सुटायच्या वेळेला पोरगा जिना चढून येतो. दारापाशी थांबतो.” गिरणी बंद, पाळी बंद, पण त्यांच्या जिन्यावर पावले वाजत होती. मी विशीतला, दोन-चार पुस्तके वाचलेला. मी म्हणालो, “मावशी, मेलेला माणूस येत नसतो. हे मनाचे खेळ आहेत.” त्या गप्प बसल्या. पुन्हा तो विषय त्यांनी माझ्याजवळ काढला नाही. दोन महिन्यांनी कळले की, उरलेल्या दोन बांगड्या मोडून त्यांनी एका भगताला पैसे दिले होते. मुलाला काय हवे आहे ते तो विचारून सांगणार होता.

माझे विधान चूक नव्हते. परंतु त्या विधानाने मावशींचे माझ्याशी बोलणे बंद झाले आणि त्या भगताकडे गेल्या, हेही तितकेच खरे आहे.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात रीस नावाचे एक डॉक्टर खेड्यांतून व्यवसाय करीत असत. पती अथवा पत्नी गमावलेल्या २९३ व्यक्तींना भेटून त्यांनी केलेली पाहणी १९७१ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी सांगितले की, गेलेला जोडीदार जवळपास असल्याचे आपणांस जाणवते. काहींना तो दिसला होता, काहींनी त्याचा आवाज ऐकला होता. बहुतेकांना या अनुभवाने आधारच वाटला होता. हे वेडाचे लक्षण नाही, शोकाचा हा एक स्वाभाविक भाग आहे, असा रीस यांचा निष्कर्ष होता. परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. ज्यांना असा अनुभव आला होता, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी तो पूर्वी कोणालाही सांगितला नव्हता. लोक आपल्याला हसतील, ही धास्ती त्यामागे होतीच.

येथे अनुभव आणि त्याचा अर्थ यांत फरक केला पाहिजे. ज्या कानाने वर्षानुवर्षे ठराविक वेळी ठराविक पावलांची वाट पाहिली, तो कान एका दिवसात ती सवय सोडीत नाही. अनुभव खरा असतो. त्यावरून आत्म्याचे अस्तित्व मात्र सिद्ध होत नाही. शिक्षणाने ही गफलत टळते असेही नाही. सर ऑलिव्हर लॉज हे बिनतारी संदेशवहनाच्या संशोधनातील नामवंत पदार्थवैज्ञानिक. त्यांचा मुलगा रेमंड १९१५ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. माध्यमांमार्फत त्याच्याकडून आल्याचे मानलेल्या संदेशांचा ग्रंथ लॉज यांनी १९१६ साली प्रसिद्ध केला. पुत्रशोकापुढे त्यांचे विज्ञान उणे पडले. उलट १८५३ सालीच मायकेल फॅरेडे यांनी एका साध्या उपकरणाने दाखवून दिले होते की, प्रेतात्म्यांच्या बैठकीत हलणारे टेबल बसलेल्यांचेच हात नकळत ढकलीत असतात. आपल्याकडच्या प्लँचेटची वाटी अशाच तऱ्हेने फिरते.

आता अर्थशास्त्राकडे येतो. मृताचा निरोप हा विलक्षण माल आहे. तो खरा की खोटा हे ग्राहकाला तपासता येत नाही. विक्रेत्याला उत्पादनखर्च नाही. किंमत कितीही वाढविली तरी मागणी घटत नाही. तिला आम्ही वर्गात अलवचीक मागणी म्हणत असू. आणि फसलेला ग्राहक लाजेपोटी तक्रार करीत नाही. असा बाजार कशावर चालतो? शोकाकुल माणसाच्या एकटेपणावर चालतो. तो एकटेपणा वाढविण्यात आपल्या कुत्सित हसण्याचाही वाटा आहे, हे आपण मान्य केले पाहिजे.

कायदा हवाच होता. त्यासाठी दीर्घकाळ झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाने मारहाण करणे, चमत्काराच्या नावाने पैसे उकळणे हे गुन्हे ठरले. परंतु कायदा भगताला अटकाव करू शकतो. मध्यरात्री जिन्याकडे कान लावून बसलेल्या आईची सोबत तो करू शकत नाही.

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना, की घाटावर काय होते ते आठवा. कोणी पुढे होऊन मोठ्याने म्हणतो, “मुलीच्या लग्नाची काळजी करू नकोस, आम्ही आहोत.” दुसरा म्हणतो, “तुझे कर्ज आम्ही फेडू.” कावळ्याला यातले काही कळत नाही, पण चारचौघांत शब्द दिला जातो आणि तो विधवेच्या कानी पडतो. आपण पुरोगाम्यांनी तो विधी सोडला, ते योग्यच केले. परंतु तो शब्द देण्याची जबाबदारीही आपण त्याबरोबर सोडून दिली काय?

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. तेराव्यानंतर लोकांची ये-जा थांबते. तुम्ही त्यानंतर जा. पेन्शनचे, वारसाचे कागद पुरे करून द्या. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याच्याविषयी विचारा. तो भेटून गेला असे कोणी सांगितले, तर लगेच खंडन करू नका, “काय म्हणाला?” असे विचारा आणि ऐकून घ्या. तुमचे मत विचारले, तर खोटे न बोलता सांगा. ऐकून घेणे म्हणजे संमती नव्हे. मात्र भगत पैसे मागू लागला, तर त्याच्या आणि तिच्या मध्ये उभे राहा. ज्याने आधी ऐकून घेतले आहे, त्यालाच तसे उभे राहण्याचा अधिकार पोहोचतो.

मावशींची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. संप विस्कटला, चाळ रिकामी होत गेली, आणि त्या गावी गेल्या त्या पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांनी सांगितलेल्या त्या पावलांविषयी मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही. तुम्ही विचारीत जा, एवढेच माझे मागणे आहे.