घरपट्टी : भरायची किती, परत मागायची कशी

(कळव्यात पारसिक डोंगराच्या बाजूला झालेल्या वस्ती बैठकीत संघटनेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्यावर वाचून दाखवावा.)



आज मोर्चाचे बोलायचे नाही. आज बिलाचे बोलायचे. वस्तीत फिरताना आम्हाला दोन सवाल सारखे येतात. पहिला, "जमीन बापजाद्यांची, डोंगर आपला, मग महापालिकेला पट्टी कशापायी द्यायची?" दुसरा, "एक माणूस आलाय, म्हणतो भरलेली घरपट्टी परत काढून देतो, निम्मे त्याला द्यायचे. देऊ का?" दोन्ही सवालांचे उत्तर कागदात आहे. म्हणून कागद समजून घेऊ.

आधी पहिला सवाल. १ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे महानगरपालिका झाली आणि कळवा तिच्यात आले. तेव्हापासून इथल्या घरांवर महापालिकेचा कायदा लागू आहे. हा कायदा १९४९ चा. घरपट्टी म्हणजे या कायद्याखाली घरावर बसणारा मालमत्ता कर. तो जमिनीचा शेतसारा नव्हे. सातबारा तलाठ्याकडे असतो, घरपट्टी महापालिकेकडे. एकाचा दुसऱ्याशी गोंधळ करायचा नाही.

घरपट्टी भरली म्हणजे जमीन आपल्या नावावर झाली, असे होत नाही. आणि भरली म्हणजे आपण जमिनीवरचा हक्क सोडला, असेही होत नाही. कायद्याच्या कलम २६७-अ मध्ये स्पष्ट आहे की बिनपरवाना बांधकामाकडून कर घेतला तरी ते बांधकाम कायदेशीर होत नाही. म्हणजे "पट्टी भरा, घर कायम करून देतो" असे कोणी म्हटले, मग तो पुढारी असो की दलाल, तर ते खोटे समजायचे.

मग पावतीचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांत, नियम १३ मध्ये, पुराव्यांची यादी आहे. त्यात मतदार ओळखपत्र आहे, रेशन कार्ड आहे आणि घरपट्टीची पावतीसुद्धा आहे. आदिवासीला दाखवायचे असते की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपला ताबा आहे. एका पुराव्यावर भागत नाही, एकाहून जास्त लागतात. जुनी घरपट्टी पावती आणि सोबत वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, अशी जोडी लागली तर दाव्याला बळ येते. म्हणून २००५ च्या आधीची पावती ज्याच्याकडे आहे त्याने ती पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकमध्ये ठेवा. १९८२ च्या आधीची, गावाच्या काळातली असेल तर ती सोन्यासारखी जपा. पावसात भिजली, उंदराने खाल्ली, तर दुसरी कुठून आणणार?

आता बिल वाचायला शिकू. बिल हातात आले की चार गोष्टी बघायच्या.

एक, नाव. घरात आपण राहतो आणि बिलावर नाव दुसऱ्याचे, असे असेल तर पैसे आपले आणि पुरावा त्याचा. भोगवटादार म्हणून आपले नाव लागले पाहिजे. नसेल तर रेशन कार्ड, वीजबिल जोडून अर्ज करा. चाळ बांधणाऱ्याच्या भरवशावर राहू नका.

दोन, माप. ठाण्यात कर बसतो तो करयोग्य मूल्यावर. घराला वर्षाला किती भाडे येऊ शकते ते धरतात, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात, उरते ते करयोग्य मूल्य. समजा महिना ५०० रुपये भाडे धरले. वर्षाचे झाले ६०००. त्यातून ६०० वजा. राहिले ५४००. या ५४०० वर टक्केवारीने कर. आता भाडे धरतात घराच्या मापावरून. आपली खोली १० बाय १५, म्हणजे १५० चौरस फूट. बिलात ३०० लिहिले असतील तर आपण दुप्पट भरतोय. टेप घ्या आणि मोजा. शाळेतल्या पोरीलाही जमेल असे काम आहे.

तीन, वापर. बिलात सर्वसाधारण कर असतो, शिक्षण कर असतो, वृक्ष कर असतो, आणखी काही ओळी असतात. त्यात रोजगार हमी कराची ओळ दिसली तर थांबा. हा कर राहत्या घराला नाही, दुकान-गाळ्यासारख्या बिगर निवासी जागेला असतो. घरात फक्त आपण राहत असू आणि ही ओळ लागली असेल, तर आपले घर चुकीच्या खात्यात टाकले आहे. पण पुढच्या पडवीत किराणा मांडला असेल, तर तेवढ्या जागेला तो कर लागणार. तिथे भांडू नका.

चार, शास्ती. बिनपरवाना बांधकामाला दरसाल दुप्पट कराची शास्ती कायद्यात आहे. पण ६०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या बांधकामाला ती माफ करायचा निर्णय शासनाने २०१७ साली केला. आपल्या बहुतेक खोल्या त्याच्या निम्म्यासुद्धा नाहीत. त्यानंतरच्या बिलात शास्ती दिसली तर लेखी विचारा, कोणत्या मापावर लावली?

काही जण म्हणतात, मुंबईत ५०० फुटांपर्यंत माफी झाली, आपणही भरणार नाही. मुंबई महापालिकेचा कायदा वेगळा, १८८८ चा. बदल त्या कायद्यात झाला. त्याच्या नावावर कळव्याचे बिल फेकून देता येत नाही. मागणी जरूर करू, पण बिल तुंबवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के चढतात. १००० रुपये थकले तर वर्षात २४० नुसते वरचे.

आता दुसरा सवाल, पैसे परत कधी मिळतात.

पहिले, एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. पोराने मोबाईलवरून भरले, आईने खिडकीवर भरले. दोन्ही पावत्या जोडा आणि परत मागा, नाहीतर पुढच्या बिलात वळते करायला सांगा.

दुसरे, माप, वापर किंवा शास्ती चुकली आणि आपल्या हरकतीवर कर कमी झाला. तर जास्त भरलेले आपले. इथे मुदत फार महत्त्वाची. नवीन किंवा वाढीव कराची नोटीस आली की त्यावर लिहिलेल्या मुदतीत हरकत गेलीच पाहिजे. हरकतीचा निकाल विरोधात गेला तर न्यायाधीशाकडे अपील आहे, पण १५ दिवसांत, आणि वादातली रक्कम आधी भरून. म्हणजे "भांडण चालू आहे म्हणून भरले नाही" हे चालत नाही. भरायचे आणि भांडायचे.

तिसरे, घर पडले किंवा पाडले. हे नीट ऐका. जानेवारी २०२२ मध्ये कळवा-मुंब्रा पट्ट्यात रुळालगतच्या वस्त्यांना रेल्वेच्या नोटिसा आल्या. त्याआधी जुलै २०२१ मध्ये घोलाई नगरात दरड कोसळून माणसे गेली. घर जाण्याची भीती आपल्या डोक्यावर रोज आहे. कायदा असे सांगतो की घर पाडले गेल्याची लेखी खबर महापालिकेला देईपर्यंत कर चालूच राहतो. घर नाही, छप्पर नाही, आणि बिल चालू! म्हणून असे संकट आले तर पंचनाम्याची नक्कल मागा आणि कर विभागाला लगेच लेखी कळवा. पण जुन्या पावत्या फाडू नका. पुनर्वसनाला आणि दाव्याला त्याच लागणार.

चौथे, रिकामे घर. दलाल माणूस हाच धागा पकडतो. कायद्यात रिकाम्या घराच्या कराचा काही परतावा आहे, हे खरे. पण घर रिकामे झाल्याची खबर आधी द्यावी लागते, आणि स्वतःसाठी राखून कुलूप लावलेले घर कायदा रिकामे धरत नाही. आपली कातकरी माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाआधी परत येतात. भांडी घरात, देव घरात. ते घर रिकामे नाही. दलाल सांगेल, "सहा महिने कोणी राहत नव्हते असे लिहून द्या, पैसे मिळवून देतो." चार पैशांसाठी असा अंगठा दिला तर उद्या वनहक्काच्या दाव्यात तोच कागद समोर येईल : "तुम्हीच लिहून दिलेय, तुम्ही तिथे राहत नव्हता." खोट्या परताव्यात पैशापेक्षा जमीन जास्त जाते. निम्म्या कमिशनचे उत्तर म्हणजे नाही. मिळायचा तो परतावा अर्ज करून मिळतो, त्याला दलाल लागत नाही.

अर्ज कसा करायचा? साधा कागद. वर कर विभाग, कळवा प्रभाग समिती कार्यालय. आपले नाव, बिलावरचा मालमत्ता क्रमांक, चूक काय, किती रुपये जास्त गेले, कोणत्या तारखेला. सोबत झेरॉक्स, मूळ पावती कधीही द्यायची नाही. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असे समजा. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाहीत. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. आपल्या घराच्या आकारणीची नोंद, मोजमाप, कोणत्या वर्षापासून कर लागला, हे सगळे त्यात मागा. "कोणत्या वर्षापासून" हा प्रश्न विसरू नका. पावत्या हरवल्या असतील तरी महापालिकेच्या वहीतली ती नोंद आपल्या राहण्याचा पुरावा होते.

आपण पट्टी बुडवणारी माणसे नाही आणि फुकट द्यायला बसलेलोही नाही. द्यायचे तेवढे देऊ, जास्तीचे परत घेऊ, आणि प्रत्येक कागद जपू. येत्या रविवारी प्रत्येक घराने बिल, जुन्या पावत्या, रेशन कार्ड घेऊन यावे. ज्यांना लिहिता येते त्या पोरापोरींनी वही-पेन आणि टेप आणावी. घराघराची यादी करू : कोणाचे नाव चुकले, कोणाचे माप चुकले, कोणाची २००५ आधीची पावती आहे. ज्याची नाही, त्याच्यासाठी माहितीचा अर्ज तिथेच लिहू.

पावती जपा, जमीन जपा!
जोहार!