युद्धांची मोजदाद


युद्धं का होतात, हे गणिताने शोधता येईल?

इंग्रज हवामानशास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी तोच ध्यास घेतला.
ते क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाचे.
पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र धरलं नाही.
फ्रान्समध्ये त्यांनी रुग्णवाहिका चालवली, जखमींना वाहून नेलं.
१९२० मध्ये हवामान खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं.
लष्कराशी संबंध नको, म्हणून त्यांनी तिथली नोकरीच सोडली.

पुढे त्यांनी १८२० नंतरच्या युद्धांची यादी केली.
कोण जिंकलं, हे बाजूला ठेवलं.
युद्ध लहान की मोठं, हे मृतांच्या संख्येवरून ठरवलं.
केवढा धीर लागला असेल या कामाला!

त्यातून काय दिसलं?
भाषा एक असली की युद्धं टळतात, हा समज टिकला नाही.
स्पॅनिश भाषकांमध्ये तर ती अपेक्षेहून जास्त निघाली.
मात्र ज्या देशाच्या सीमा अधिक देशांना भिडतात, तो अधिक युद्धांत सापडतो.
पुन्हा सांगते, शेजारी जास्त, तर युद्धंही जास्त.

सीमा मोजताना आणखी एक गंमत कळली.
स्पेन आणि पोर्तुगालच्या नोंदींत एकाच सीमेची लांबी वेगवेगळी होती!
मोजपट्टी लहान घेतली, की बारीक वळणंही मोजली जातात.
लांबी वाढते.

रिचर्डसन १९५३ मध्ये वारले.
युद्धांवरचं त्यांचं पुस्तक छापून आलं, ते १९६० मध्ये.