घरातल्या गोळ्या आणि लहान मुलं

जळगाव-धुळ्याकडच्या अनेक घरांत आजीच्या उशाखाली किंवा पिशवीत गोळ्यांची पट्टी असते. तिच्यात अ‍ॅमिट्रिप्टिलीन असू शकतं. हे नैराश्यावरचं जुनं औषध. अर्धशिशी, मधुमेहातली पायांची आग यांसाठीही डॉक्टर ते देतात. त्यामुळे घरच्यांना ते साधं दुखण्याचं औषध वाटतं.

रांगतं-चालतं मूल मात्र रंगीत गोळी खाऊसारखी तोंडात टाकतं. दहा किलो वजनाच्या बाळाला ७५ मिलिग्रॅमची एक गोळीही धोक्याची ठरू शकते. आधी गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. मग झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. बहुधा पहिल्या सहा तासांतच हे सगळं घडतं.

अशा वेळी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. मूल खेळत असलं तरी वाट पाहू नका. १०८ला फोन करा. धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय, जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. गोळ्यांची पट्टी सोबत न्या. किती गोळ्या कमी आहेत, केव्हा खाल्ल्या, तेही सांगा. तिथे ईसीजी काढतात. गरज पडल्यास शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात. दिल्लीच्या एम्समधल्या विषमाहिती केंद्राचा मोफत क्रमांक आहे १८०० ११६ ११७.

गोळ्या कुलपात ठेवा. मुलांसमोर औषधाला ‘खाऊ’ म्हणू नका. आणि आपलं औषध मनानेच बंदही करू नका.