ओळखीच्या वाटेने इंग्रजी



दहावीची परीक्षा मराठी माध्यमातून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला वेरूळ परिसरातील एखादा मुलगा छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेत दाखल होतो आणि पहिल्याच आठवड्यात गप्प होतो. घनता, वेग, पेशी हे शब्द त्याने नीट शिकलेले असतात; वर्गात मात्र डेन्सिटी, व्हेलॉसिटी, सेल असे कानावर पडते. विषय तोच असतो, परंतु आपल्याला विषयच येत नाही, अशी त्याची समजूत होते. घरी तो काही बोलत नाही. सहामाहीचे गुण पाहून घरचे लोक हबकतात आणि धाकट्या भावंडाला लगोलग इंग्रजी माध्यमात घालण्याची भाषा सुरू होते. काही मुले शाखाच बदलतात. ज्याची बुद्धी शाबूत आहे, त्याने केवळ चारदोनशे शब्दांच्या भयाने वाट सोडावी, ही समाजाची मोठी हानी होय. म्हणूनच इंग्रजीच्या अभ्यासाचा प्रश्न येथे विचारार्थ घेणे योग्य ठरेल.

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळांतही पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही दहा वर्षांनंतर अनेक मुलांना इंग्रजीचे एक अनोळखी पान अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. याचे कारण मुलांच्या कुवतीत नाही. वर्षाकाठी एकच इंग्रजी पुस्तक त्यांच्या हाती येते, आणि तेही वाचण्यासाठी नव्हे, तर प्रश्नोत्तरांसाठी उघडले जाते. वर्षभर एकाच विहिरीच्या काठावर बसून पोहणे येत नाही.

माध्यम बदलण्याचा प्रसंग मराठवाड्याला नवा नाही, हेही ध्यानात घ्यावे. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी निजामी राजवटीत येथील अनेक वडीलधाऱ्यांनी मातृभाषा मराठी असताना उर्दूतून शिक्षण घेतले आणि त्यातूनच ते पुढे आले. इंग्रजीसाठी त्या काळी महाराष्ट्रात सर्वांचा आधार होता तो द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेचा. त्या पाठमालेने कितीतरी शिक्षक आणि कारकून घडविले, हे उपकार विसरता येणार नाहीत. तिच्यात दोष असा नव्हता. परंतु पाठमाला संपल्यावर एखादे साधे गोष्टीचे पुस्तक हाती घ्यावे, ही प्रथा मात्र पडली नाही. वाक्यांचे भाषांतर साधले, वाचनाचा सराव राहून गेला.

याच प्रश्नाचा विचार मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने ढाक्यात अध्यापक-प्रशिक्षणाचे काम करताना केला. हिंदुस्थानातील विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्याआधी वाचण्याची शक्ती द्यावी, असे त्याचे मत होते, आणि १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकतेवरील ग्रंथात त्याने ते मांडले. मुलांची पुस्तके कठीण वाटतात, कारण पानोपानी नवा शब्द येतो आणि तो पुन्हा भेटत नाही, हे त्याने हेरले. म्हणून त्याने दुर्मिळ शब्द काढून नेहमीचे शब्द घातले आणि तेच शब्द पुनःपुन्हा येतील अशी वाचनमाला रचली. १९५३ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या सामान्य शब्दांच्या यादीत सुमारे २००० शब्द आहेत. अलीकडच्या संशोधनानुसार मदतीशिवाय आनंदाने वाचायचे असेल, तर शंभरांतील ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. साध्या पानावर दोन-अडीचशे शब्द धरले, तर चार-पाच शब्द अडावेत, अधिक नाहीत. दहा अडले, तर ते पुस्तक सध्या बाजूस ठेवून सोपे घ्यावे. यात कमीपणा मुळीच नाही. मोठ्या मुलाने लहान मुलाचे पुस्तक वाचले तर हसण्याची आपल्या समाजात जी सवय आहे, ती मात्र सोडावी लागेल.

शब्द ओळखीचे नसले तरी विषय ओळखीचा असेल, तर अर्ध्याहून अधिक ओझे उतरते. या बाबतीत वेरूळचा विद्यार्थी भाग्यवान आहे. येथील ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ क्रमांकाची लेणी जैन आहेत. बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, भगवान बाहुबलींची मूर्ती आहे. अंगावर वेली चढल्या आहेत, तरी ध्यान ढळलेले नाही, ही कथा येथील प्रत्येक मुलाला पाठ आहे. आता एखाद्या इंग्रजी पुस्तिकेत 'क्रीपर्स कव्हर हिज लेग्ज' असे वाक्य आले, तर क्रीपर म्हणजे वेल हे सांगण्यास शिक्षक कशाला हवा ? ते दगडानेच सांगितले आहे. भगवान पार्श्वनाथांच्या मस्तकावरील फणेला इंग्रजीत 'हूड' म्हणतात. थंडीत डोक्यावर ओढायच्या टोपीलाही तोच शब्द आहे, हे एकदा कळले की तो शब्द विसरत नाही. आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका, तिचे वाहन सिंह, वर फांद्यांना लटकलेली फळे, या एका शिल्पासमोर उभे राहून दहा वाक्ये वाचता येतात आणि दहा रचताही येतात.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. हत्तीवर बसलेल्या यक्षाला इंद्र समजल्यामुळे 'इंद्रसभा' हे नाव रूढ झाले, असे अभ्यासक सांगतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांतून मात्र त्याला इंद्रच म्हटलेले आढळते. छापील इंग्रजी वाक्य म्हणजे प्रमाण, असे मानण्याचे कारण नाही. लेण्यांसंबंधी फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा १८८० चा ग्रंथ किंवा वेरूळच्या जिनप्रतिमांवरील होझे परेरा यांचे १९७७ चे पुस्तक ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पुढे जरूर वाचावीत. शाळकरी मुलांच्या हाती आजच देऊ नयेत.

इंग्रजीचा उपयोग केवळ नोकरीसाठी, ही समजूतही तपासून पाहावी. सीमाभागातील सदलगा येथे १९०६ साली जन्मलेले डॉ. आ. ने. उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे प्राध्यापक होते. १९३५ साली त्यांनी आचार्य कुंदकुंदांच्या 'प्रवचनसारा'ची आवृत्ती विस्तृत इंग्रजी प्रस्तावनेसह सिद्ध केली आणि आपल्या प्राकृत ग्रंथांची ओळख जगभरच्या विद्वानांना करून दिली. आपल्या घरचे धन परक्या बाजारात नेण्यासाठी त्यांनी परकी भाषा वापरली.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू या. अगदी आरंभी चित्रांच्या गोष्टी घ्याव्यात. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत विनामूल्य मिळते. त्यानंतर पायरीपायरीने चढत जाणारी पुस्तके घ्यावीत. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालेत पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द लागतात, सहाव्या पायरीला २५००. ही माला संस्थेच्या कपाटात एकदा आली, तर पुढची कित्येक वर्षे मुलांना पुरेल. त्यापुढे आर. के. नारायण यांचे 'स्वामी अँड फ्रेंड्स' घ्यावे. १९३५ चे पुस्तक असूनही त्यातील शाळा, परीक्षा आणि क्रिकेट आजच्या मुलाला आपलेच वाटते. 'श्यामची आई' मराठीतून वाचलेली असेलच. शांता गोखले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद आता उपलब्ध आहे. महात्माजींच्या आत्मकथेचा महादेव देसाई यांनी केलेला अनुवाद स्वच्छ, लहान वाक्यांचा आहे. त्यातील रायचंदभाईंवरचे, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांवरचे प्रकरण जैन घरातील मुलाने सर्वप्रथम वाचावे. आर्थर रायडर यांचे १९२५ चे इंग्रजी पंचतंत्र पूर्णभद्र या जैन मुनींनी ११९९ साली सिद्ध केलेल्या पाठावर आधारलेले आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मात्र त्यात पद्ये पुष्कळ असल्याने ते थोडे उशिरा घ्यावे.

वाचताना प्रत्येक शब्दाला कोश उघडू नये. तसे केल्याने गोष्टीचा धागा तुटतो. जो शब्द तीनदा आडवा येईल, तोच पाहावा आणि वहीत सुटा न उतरविता पूर्ण वाक्यासह उतरवावा. मराठीत चूक 'केली' जाते, म्हणून मुले इंग्रजीत 'डू' लिहितात. तेथे 'मेक' लागते. गृहपाठाला मात्र पुन्हा 'डू'च. याला नियम शोधत बसण्यापेक्षा वाक्यच लक्षात ठेवावे. 'मला माहीत आहे' यातील 'आहे' मनात असल्यामुळे 'आय ॲम नोइंग' तोंडून जाते. 'ए' आणि 'द' यांना मराठीत जोडच नाही, म्हणून ते गळतात. अशा चुका दाखवून वर्गात हसू नये. भरपूर वाचनाने त्या पुष्कळशा आपोआप झडतात.

रोज वीस मिनिटे पुरेत, पण रोज. स्वाध्यायाचे वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश हे पाच प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. शुद्ध उच्चारांसह आवर्तन म्हणजे आम्नाय. मुलाने वाचलेल्या पानातील चार ओळी मोठ्याने तीनदा म्हणाव्यात, एवढे जरी साधले तरी बोलण्याची भीती कमी होते. आजी-आजोबांना इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. नातवाने इंग्रजीत वाचलेली गोष्ट त्यांनी मराठीत सांगावयास लावावी आणि मधूनमधून 'मग पुढे काय झाले ?' असे विचारावे. न समजता वाचले असेल, तर त्या एका प्रश्नाने उघड होते.

राहता राहिला अकरावीचा तो मुलगा. बालभारतीची विज्ञानाची पाठ्यपुस्तके मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत निघतात. धडे तेच, आकृत्याही त्याच. दहावीची परीक्षा आटोपताच नववी आणि दहावीच्या इंग्रजी प्रती मिळवाव्यात, महाजालावरही त्या विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि मराठी पुस्तक शेजारी उघडे ठेवून सुट्टीत रोज चार-पाच पाने वाचावीत. घनतेच्या धड्यासमोर डेन्सिटीचा धडा ठेवला की आकृती तीच दिसते, सूत्र तेच दिसते. जून उजाडेपर्यंत वर्गातले बहुतेक शब्द त्याच्या कानाला ओळखीचे झालेले असतील.